थंडीच्या दिवसांत हायड्रोलिक लिफ्टची निगा

मार्गशीर्ष-पौषात पहाटे खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते आणि ती उन्हात अगर चुलीजवळ ठेवल्यावाचून तेल हाती येत नाही, हा अनुभव परंडा तालुक्यातील घरोघरीचा आहे. गुऱ्हाळावरील काकवीचेही तसेच. कढईतून काढलेली काकवी पाण्यासारखी धावते. तीच डब्यात रात्रभर राहिली म्हणजे डबा उलथा केला तरी तिची धार सावकाश सुटते. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक लिफ्टमधील तेलाचा स्वभाव काकवीहून फारसा वेगळा नाही. ते आपल्याकडील थंडीत थिजत नाही, पण घट्ट होते. आणि ज्या यंत्राचे सारे सामर्थ्य तेलाच्या वाहण्यावर अवलंबून आहे, त्या यंत्रास तेलाचे घट्ट होणे जाणवल्याखेरीज राहत नाही.

सीना नदीच्या खोऱ्यातील या तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा चांगली तापते, आणि पहाटे पारा बराच खाली येतो. काही पहाटे तो १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. ही थंडी लडाखची नव्हे. ती यंत्र मोडील अशी नाही. तथापि ट्रॅक्टरचे सर्वांत जास्त काम नेमके याच दिवसांत असते. सोनारी, अनाळा, आसू, जवळा या भागांतील ऊस तुटू लागलेला असतो, ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात फडात जाऊन उभ्या राहतात, आणि खोडवा न ठेवलेल्या रानात पलटी नांगर घालून सुरू उसाच्या लागणीची तयारी चाललेली असते. अशा वेळी पहाटे पाच वाजता नांगर जमिनीवरून उचललाच नाही, तर त्या दिवसाचे गणित बिघडते. भाड्याने ट्रॅक्टर आणणाऱ्याचे तर तासाला पैसे जातात. म्हणून "लिफ्ट उचलत नाही" ही तक्रार नेमकी कशाची आहे हे ट्रॅक्टर चालविणाऱ्यास आणि गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यास ओळखता आले पाहिजे. बहुतेक वेळा थंडी दोष उत्पन्न करीत नाही; आधीपासून असलेला दोष ती उघडा करते.

लिफ्टचे बळ कोठून येते

बंदिस्त जागेतील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिले. ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या शक्तीवर फिरणारा एक लहानसा पंप गिअरपेटीतील किंवा स्वतंत्र टाकीतील तेल ओढतो आणि ते दाबाने सिलिंडरात ढकलतो. दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो धरला आणि सिलिंडराचा व्यास ८ सेंटीमीटर धरला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटीमीटर भरते आणि त्यावर सुमारे ७,५०० किलोंचा जोर येतो. हा जोर आखूड दांड्यावरून लांब भुजांकडे जात असल्यामुळे अवजाराच्या टोकाशी तो पुष्कळ कमी होतो. पण अंतरात तितकीच वाढ मिळते. ट्रॅक्टरची उचलशक्ती हजार-दीड हजार किलो सांगितली जाते, ती भुजांच्या टोकाची होय.

या हिशेबाची गंमत परंडेकरांना एका दाखल्याने चटकन पटेल. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ पूर्वी परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि सतराव्याच शतकात ती येथून विजापुरास नेण्यात आली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. ती हलविण्यास त्या वेळी शेकडो बैल लागले असतील. वरील दाबाचे तेल असेल तर तेवढे वजन उचलण्यास सुमारे २२ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे वीतभर रुंदीचा एकच पिस्टन पुरे होतो.

आयरिश यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन याने ट्रॅक्टरच्या मागे तीन जागी अवजार जोडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत सिद्ध केली व १९३६ मध्ये तसा ट्रॅक्टर बाजारात आला. आज आपल्या शिवारात धावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरची लिफ्ट त्याच पद्धतीची आहे. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई, आणि बांधापाशी तो उचलणे हे वेगळेच काम असे.

पहाटे काय घडते

हायड्रोलिक तेलाच्या डब्यावर 'आयएसओ व्हीजी ६८' किंवा '४६' असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे ४० अंश तापमानास त्या तेलाचा घट्टपणा होय. आकडा जितका मोठा तितके तेल दाट. परंतु हा घट्टपणा स्थिर नसतो. ६८ क्रमांकाचे साधे खनिज तेल १० अंशांवर आले म्हणजे त्याचा घट्टपणा ४० अंशांच्या मानाने सहा-सात पट होतो. काम करून यंत्र ६० अंशांपर्यंत तापले असता असतो त्याच्याशी तुलना केली, तर फरक सुमारे पंधरा पटींचा येतो. तेच तेल, तोच पंप. पण पहाटेचे काम आणि दुपारचे काम यांत एवढे अंतर आहे.

पंपाला तेल पुढे ढकलण्याची शक्ती पुष्कळ असते. मागून ओढून घेण्याची मात्र फार थोडी. ओढण्याच्या वाटेवर गाळणी असते. घट्ट तेल गाळणीच्या बारीक जाळीतून वेळेवर येत नाही आणि पंपाच्या तोंडाशी पोकळी निर्माण होते. त्या पोकळीत बुडबुडे धरतात, ते दाबाच्या बाजूस जाऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर पंपाच्या धातूवर सूक्ष्म आघात होतो. कानाला ही गोष्ट शिळेसारख्या किंवा खडे घोळल्यासारख्या आवाजाने कळते. ट्रॅक्टर तापल्यावर हा आवाज थांबतो म्हणून पुष्कळ चालक त्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात त्या दहा-पंधरा मिनिटांत पंपाची जेवढी झीज होते तेवढी दिवसभराच्या नांगरटीत होत नसेल. जाळी स्वच्छ असेल तर येथील थंडीत हा आवाज क्वचितच येतो. आवाज आला तर थंडीस दोष देण्यापूर्वी गाळणी काढून पाहावी. तिच्यावर धातूचा कीस, चिंध्यांचे धागे आणि गाळ यांचा थर आढळण्याचा संभव फार. चिंध्यांचे धागे तेथे कसे जातात, हे ज्याने झाकण पुसताना जुने धोतर वापरले त्याला सांगावयास नको.

सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याची रीत

प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी असताना, अवजार जमिनीवर टेकविलेले असताना, डिपस्टिक पुसून तेलाची पातळी पाहावी. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबून इंजिन सुरू करावे. क्लच दाबल्याने गिअरपेटीतील घट्ट तेल ढवळण्याचे ओझे स्टार्टरवर पडत नाही. थंडीत बॅटरीचे बळ आधीच घटलेले असते, तेव्हा ही लहानशी सवय फार उपयोगी पडते.

इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर ओढू नये. पाच ते दहा मिनिटे ते मंद गतीपेक्षा किंचित अधिक वेगाने चालू द्यावे. काही ट्रॅक्टरांत हायड्रोलिक पंप इंजिनाबरोबरच फिरतो, तर काहींत तो पीटीओच्या दांड्यावर असतो आणि पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय व क्लच सोडल्याशिवाय फिरतच नाही. आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा हे चालकास माहीत पाहिजे. नाही तर पंप स्थिर असताना तेल तापण्याची वाट पाहणे व्यर्थ होईल. पीटीओवर पंप असेल तर लिव्हर टाकण्यापूर्वी मागील दांड्याला रोटाव्हेटर अगर दुसरे फिरते अवजार जोडलेले नाही आणि जवळपास कोणी उभे नाही, याची खात्री करावी.

मग अवजाराशिवाय, अथवा हलके अवजार असेल तर त्यासह, लिफ्ट सावकाश अर्धी उचलावी व खाली आणावी. असे पाच-सहा वेळा केल्यावर पूर्ण उंचीपर्यंत न्यावी. सिलिंडरात रात्रभर राहिलेले गार तेल अशा हालचालीने टाकीत परत येते आणि त्याची जागा थोडे तापलेले तेल घेते. लिफ्ट वर गेल्यावर लिव्हर शेवटच्या टोकाला दाबून धरण्याची खोड वाईट. तसे केले म्हणजे सारे तेल दाबनियंत्रक झडपेतून जोराने सुटू लागते. तेल लवकर तापते हे खरे, परंतु झडप व पंप यांचा बळी देऊन. जड पलटी नांगर थंड तेलावर झटक्याने उचलणे हेही त्याच जातीचे. पहिली दोन तासे तरी बेताने ओढावी.

शेकोटी, रॉकेल आणि जुने तेल

तेल पातळ करण्याचे तीन उपाय गावोगाव चालतात आणि तिन्ही टाकाऊ आहेत. गिअरपेटीखाली पाचटाची शेकोटी पेटविणे हा पहिला. तेथे तेलाचे ओघळ असतात, जवळच डिझेलची नळी असते, आणि उसाच्या फडाशेजारी पाचट पेटले तर ट्रॅक्टरबरोबर फडही जातो. दुसरा उपाय तेलात डिझेल किंवा रॉकेल मिसळण्याचा. त्याने तेल पातळ होते यात शंका नाही. पण ते दुपारीही पातळच राहते. तापलेल्या पातळ तेलाचा पापुद्रा धातूच्या भागांमध्ये टिकत नाही, गिअरचे दात व पंप एकमेकांवर कोरडे घासतात आणि रबरी सील फुगतात. सकाळच्या दहा मिनिटांसाठी सारा हंगाम गहाण टाकण्याचाच हा प्रकार होय.

तिसरा उपाय काटकसरीच्या नावाखाली चालतो: इंजिनातून काढलेले काळे तेल ट्रॉलीच्या जॅकमध्ये ओतणे. त्या तेलात काजळी व धातूचा कीस असतो आणि जॅकचा चकचकीत दांडा त्यानेच ओरखडला जातो. एकदा ओरखडा पडला की नवे सील किती घातले तरी गळती थांबत नाही.

तेल कोणते घालावे, याचे उत्तर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, ओले ब्रेक व हायड्रोलिक या सर्वांना एकच तेल लागते. तेथे बाजारातील नुसते हायड्रोलिक तेल चालत नाही. स्वतंत्र टाकीच्या ट्रॉलीस किंवा लोडरला मात्र ४६ व ६८ यांपैकी कंपनीने सांगितलेले घालावे. परंडा भागात केवळ थंडीसाठी तेलाचा क्रमांक बदलण्याचे कारण नाही. येथील एप्रिल-मे महिने पौषाहून यंत्राला अधिक कठीण जातात आणि तेल दोन्ही ऋतूंत तेच राहावयाचे असते.

तेलातील पाणी

थंडीच्या दिवसांतील खरा शत्रू तेलाचा घट्टपणा नसून त्यात शिरलेले पाणी होय, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दिवसा टाकीतील हवा तापते व ब्रीदरच्या भोकातून बाहेर पडते. रात्री ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत येते. आतील गार भिंतींवर त्या हवेतील दव धरते व थेंब तेलात उतरतात. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा अधिक आणि दवही अधिक. दिवस व रात्र यांच्या तापमानातील अंतर येथे मोठे असल्यामुळे हे रोज घडते. शिवाय चिखलाने माखलेला ट्रॅक्टर पंपाच्या फवाऱ्याने धुण्याची पद्धत आहे. फवारा लिव्हरच्या सीलवर किंवा ब्रीदरवर पडला म्हणजे पाणी थेट आत जाते.

पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते. हवा मिसळलेले तेलही प्रथम तसेच दिसते, म्हणून घाईने निदान करू नये. थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवावे. काही मिनिटांत ते पुन्हा नितळ झाले तर त्यात हवा होती. म्हणजे पातळी कमी असेल किंवा ओढनळीचा सांधा सैल असेल. तासाभरानेही ते गढूळच राहिले तर पाणी समजावे. आणखी खात्री पाहिजे असल्यास, मोकळ्या जागी लोखंडी पट्टी तापवून ती विस्तवापासून दूर घ्यावी व तीवर तेलाचा एकच थेंब सोडावा. पाणी असेल तर तो तडतडतो. स्वयंपाकाचा तवा या कामी घेऊ नये.

पाणी तेलाहून जड असल्याने रात्रभरात त्यातील काही तळाशी बसते. म्हणून पाण्याचा संशय असेल तेव्हा सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, खाली भांडे धरून, तळाचा बूच थोडा सैल करावा आणि पाणी येत असेल तोवर येऊ द्यावे. शुद्ध तेल दिसताच बूच घट्ट करावा व पातळी पाहून भर घालावी. परंतु तेल एकजीव पांढरे झाले असेल तर या उपायाने भागत नाही. ते सर्व काढून, गाळणी धुऊन, नवे भरावे लागते. कित्येक ट्रॅक्टरांत असे तेल ३०-४० लिटर किंवा अधिक मावते. तो खर्च डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे ब्रीदरवर फडके बांधून ट्रॅक्टर धुण्याचा कंटाळा येणार नाही. धुऊन झाल्यावर ते फडके मात्र आठवणीने सोडावे.

सकाळी दोष की दुपारी?

लिफ्ट बिघडली म्हणून मेकॅनिकाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवावी: ती थंड असताना अडते की तापल्यावर? पहाटे मंद चालणारी आणि तापल्यावर ठीक होणारी लिफ्ट असेल तर तेल चुकीचे, जुने, किंवा गाळणी तुंबलेली आहे. पंप बहुधा चांगला असतो. याउलट, पहाटे जोमाने उचलणारी आणि दुपारी नांगर अर्ध्यावर सोडणारी लिफ्ट असेल तर पंप झिजला आहे, किंवा पिस्टनचे सील गेले आहे. घट्ट तेल झिजलेल्या फटींतून लवकर निसटत नाही, पातळ तेल निसटते, एवढेच याचे कारण. हा फरक न सांगितल्यामुळे चांगले पंप उगीच उघडले जातात.

गळतीची परीक्षा घरच्या घरी करता येते. अवजार वर उचलून इंजिन बंद करावे, खालच्या भुजेच्या टोकाची उंची मोजून लिहावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. हीच परीक्षा सकाळी व दुपारी, त्याच अवजारानिशी, दोनदा घ्यावी. त्या अवधीत अवजाराखाली कोणासही जाऊ देऊ नये. सकाळी सिलिंडरातून तेल झिरपते व तापल्यावर थांबते असेही आढळते. तेथे रबरी सील कडक झालेले असते; चांगले सील येथील थंडीत कडक होत नाही. तेव्हा तो दोष थंडीचा नव्हे, सीलच्या वयाचा होय.

उचललेल्या ट्रॉलीखाली

आता ज्या गोष्टीत माणसाचा जीव गुंतलेला आहे तिच्याकडे वळावयाचे. पहाटेच्या अंधारात जॅक नीट उचलत नाही म्हणून ट्रॉलीचा हौदा अर्धवट वर असतानाच चालक खाली शिरतो, नळीचा सांधा चाचपतो, तो सैल होतो आणि तेल सुटताच हौदा खाली येतो. निसटावयास वेळ मिळत नाही. तेलाच्या आधारावर उभी असलेली वस्तू ही उभी नव्हेच, ती टांगलेली आहे असे समजून वागावे. हौदा रिकामा करून, त्याखाली लोखंडी टेकू किंवा पुरेसा मजबूत लाकडी ओंडका लावून, मगच कोणत्याही सांध्याला पाना लावावा. नांगर किंवा रोटाव्हेटरखाली फाळ बदलतानाही हाच नियम. दगडांची उतरंड टेकू म्हणून वापरू नये.

गळती हाताने शोधू नये. बारीक छिद्रातून सुटणारी तेलाची धार डोळ्यांस दिसतही नाही, पण ती कातडी भेदून मांसात शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी असते, दुखत नाही, आणि काही तासांत हात सुजून तो गमावण्याची पाळी येते. जाड पुठ्ठा नळीवरून फिरवावा; ओल तेथे उमटेल. तेल टोचल्याची शंका आली तरी हळद लावून घरी बसू नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन "दाबाचे तेल शिरले आहे" असे स्पष्ट सांगावे. हौदा उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत हेही पाहावे. पहाटेच्या धुक्यात त्या दिसत नाहीत.

जेथे थंडी खरोखरीची असते

सर एडमंड हिलरी यांचे पथक ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर. शेतीसाठीच बनविलेल्या त्या ट्रॅक्टरांना पट्टे बसवून बर्फावरून सुमारे २,००० किलोमीटर नेण्यात आले होते. आपल्या देशात लडाखमध्ये सीमा सडक संघटनेची बर्फ हटविणारी यंत्रे उणे २० अंशांच्याही खाली काम करतात, आणि महाराष्ट्रातील कित्येक जवान त्या मुलखात सेवा करून आलेले आहेत. तेथे ६८ क्रमांकाचे तेल टाकीतच अडून बसेल. म्हणून फार पातळ, खास थंडीसाठी तयार केलेले तेल वापरतात, टाकीस व इंजिनास विजेची ऊब देतात. तेलातील पाण्याचा प्रत्येक थेंब तेथे बर्फाचा कण होतो व गाळणी बंद करतो. डिझेलातील मेणही गोठते. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल उपलब्ध केले. तिकडून परतलेला एखादा माजी सैनिक गावात असेल, तर ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणांनी त्याच्याजवळ बसून यंत्रे कशी राखली जातात ते अवश्य विचारावे. यंत्र तापू दिल्यावाचून काम घ्यावयाचे नाही, ही शिस्त तेथे सक्तीची आहे.

रात्री ट्रॅक्टर उभा करताना

काम संपल्यावर अवजार जमिनीवर टेकवावे व लिव्हर खाली ठेवावा. सीलवरील भार उतरतो आणि रात्री लहान मुलाने लिव्हर ओढला तरी अपघात होत नाही. लोडर व पलटी नांगर यांच्या सिलिंडरांचा चकचकीत दांडा शक्य तेथे आत घेतलेला असावा. बाहेर राहिलेल्या दांड्यावर दव पडून गंज धरतो आणि तो गंज सकाळी सीलला कानशीसारखा घासतो. दांडा आत जाण्यासारखा नसेल तर तेलाचे बोट फिरवावे. आडोसा असेल तर ट्रॅक्टर त्याखाली ठेवावा. निदान ब्रीदरची बाजू वाऱ्याकडे करू नये.

तेल बदलण्याचा काळ पुस्तिकेत कामाच्या तासांत दिलेला असतो. ते काम सकाळी न करता दिवसभर ट्रॅक्टर चालल्यानंतर, तेल गरम असताना करावे. हात भाजणार नाही एवढी काळजी घ्यावी. गरम तेलाबरोबर तळाचा गाळही निघून येतो. चुंबकी बूच असेल तर त्यावरील कीस पाहावा. पिठासारखा बारीक असेल तर तो नेहमीचा; त्यात कपचे आढळले तर गिअरपेटी दाखवून घ्यावी. काढलेले तेल ओढ्यात, विहिरीकाठी किंवा बांधावर ओतू नये, जनावरांच्या अंगासही लावू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकास द्यावे. डब्यावर खडूने तारीख व ट्रॅक्टरच्या मीटरचे तास लिहून ठेवले, तर पुढील बदल केव्हा करावयाचा हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.